दारातली पाठमोरी बाई

आमच्या घरात चित्रकारांची नावं कुणाला माहीत नव्हती, पण चित्रकार सगळे ओळखीचे होते. एक शिडीवाला, एक गोगलगायवाला, एक टोपीवाला आणि एक मुंगीवाला. ही नावं आईने ठेवली होती. दिवाळी अंकातल्या गोष्टींना जी चित्रं असत, त्यांच्या कोपऱ्यात चित्रकार सही करत, आणि ती सही सरळ वाचता येईल अशी क्वचितच असे. एकाची आडव्याउभ्या रेघांची, शिडीसारखी. एकाची गोल गोल आत जाणारी. आई वर्ध्याकडच्या एका खेड्यात चौथीपर्यंत शिकलेली. तिला अक्षरं लागायला वेळ लागे, पण आकार एकदा पाहिला की तो तिच्या डोक्यातून जात नसे. पुढे मी याच विषयाचं शिक्षण घेतलं, त्या सगळ्यांची खरी नावं, त्यांचे गुरू, त्यांची घराणी मला पाठ करावी लागली. तरी आजही कुठे जुना अंक उघडला की मनात आधी येतं, हा शिडीवाला. नाव मागून येतं. म्हणून इथे मी नावं लिहीत नाही.

आम्ही भोपाळला पिपलानीत राहायचो, कारखान्याच्या क्वार्टरमध्ये. सकाळ भोंग्याने सुरू व्हायची. त्याच्या आधी गल्लीत स्कूटर एका अंगावर कलत्या केल्या जात, किकवर किक बसत, आणि एखादी अडून बसली की तिचा मालक हिंदीत तिची समजूत काढत असे. आमच्याकडे स्कूटर नव्हती. बाबा सायकलने जात. ते ड्रॉइंग ऑफिसात ट्रेसर होते, म्हणजे इंजिनिअर पेन्सिलीने जे नकाशे काढत ते पारदर्शक कागदावर शाईने उतरवायचं काम. बाबांच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाला शाईचा एक डाग होता, तो रविवारीही जात नसे. रविवारी बाबा बाजारातून पोहे आणि जिलबी आणत. आईला ते पोहे मुळीच पटत नसत. "वाफेवर ठेवलेले पोहे म्हणजे काय खाणं आहे," असं म्हणत ती ते खायची, आणि दुपारी आपला गोळाभात करायची, वर हिंग-मोहरीचं गरम तेल घालून. त्या तेलाचा चर्र आवाज आणि कूलरच्या ओल्या खसचा, म्हणजे वाळ्याचा, वास, एवढं आठवलं तरी मला ते घर पुरतं. बाकी भिंती वगैरे सगळ्या क्वार्टरांच्या सारख्याच होत्या.

मराठी अंक आमच्याकडे फिरत येत. शहरातल्या मराठी मंडळाचं वाचनालय होतं आणि पिपलानीतल्या मराठी घरांचे अंक सबनीस काकूंच्या ताब्यात असत. काकू पुण्याच्या, इंजिनिअरांच्या रांगेत राहणाऱ्या, बोलणं स्वच्छ आणि हिशेब स्वच्छ. प्रत्येक अंकाला खाकी कव्हर, आणि प्रत्येक घराला चार दिवस. पाचव्या दिवशी सकाळी काकू दारात.

"वहिनी, या अंकाला फोडणीचा वास येतोय," एकदा काकूंनी पानं हुंगून म्हटलं.

"मग बरंच झालं," आई म्हणाली, "वाचणाऱ्याले भूक लागल."

काकू हसल्या नाहीत, पण पुढचा अंक त्यांनी एक दिवस आधी आणून दिला. त्यांची तऱ्हा अशी होती.

चार दिवसांची आईची रीत ठरलेली होती. पहिल्या दिवशी ती पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत फक्त चित्रं पाहायची. दुसऱ्या दिवशी, बाबांनी ऑफिसच्या रद्दीतून आणलेले ट्रेसिंग कागदाचे तुकडे आवडलेल्या चित्रावर ठेवून पेन्सिलीने ती उतरवून घ्यायची. आणि उरलेल्या वेळात मी तिला गोष्टी वाचून दाखवायची. दोन दिवसांत किती गोष्टी होणार? शाळा, पाणी भरणं, गहू निवडणं, यातून चार-पाच. बाकीच्या गोष्टी आमच्यासाठी फक्त चित्रंच राहिल्या. मग महिनोन्महिने आई ती चित्रं कापडावर भरायची. इतर घरांत उशांच्या अभ्र्यांवर मोर आणि गुलाब असत. आमच्या अभ्र्यांवर ऐतिहासिक कथेतला घोडेस्वार, खुनाच्या गोष्टीतला कंदील धरलेला माणूस, विनोदी कथेतले पोट सुटलेले हेडक्लार्क. मी लहानपणी त्या हेडक्लार्कच्या पोटावर गाल टेकून झोपले आहे.

चित्रकलेचा इतिहास मी वर्गात पुष्कळ ऐकला, पण हात म्हणजे काय ते मला आईच्या टाक्यांनी शिकवलं. शिडीवाल्यासाठी ती एकेरी दोरा घ्यायची आणि बारीक उलटी टीप घालायची. त्याच्या चित्रात काळोखसुद्धा रेघांवर रेघा मारून विणलेला असे, पितळेच्या तांब्यावरची चमक, अंगरख्याचा प्रत्येक बंद. "याच्यापायी डोळे फुटतात," ती म्हणायची, पण त्याच्यावर तिचा जीव होता. गोगलगायवाला पाण्यात शाई मिसळून काम करायचा. अर्धा चेहरा उजेडात, अर्धा धुक्यात. त्याला दोऱ्याने कसं धरायचं, हा तिचा जुना झगडा होता. शेवटी राखाडी दोऱ्याच्या तीन छटा आणून तिने लांबआखूड टाके घातले, आणि तरी म्हणाली, "ओलं नाही दिसत." टोपीवाल्याची रेघ जाड, मजेत वळणारी, ती साखळी टाक्यात आपोआप उतरायची. आणि मुंगीवाला. तो फार थोडं काढायचा. एका पानावर आठदहा रेघा, बाकी सगळं पांढरं. त्याला टाके कमी लागत, पण आई त्याच्यावर सगळ्यात जास्त वेळ बसायची. एक टाका घालायची, कापड लांब धरायची, पुन्हा बघायची.

आणि प्रत्येक चित्रात ती ती खूणही भरायची. सही हा शब्द तिने कधी वापरला नाही. तिच्या हिशेबी प्रत्येक चित्राच्या कोपऱ्यात काढणाऱ्याने आपला एक जीव सोडलेला असतो, तो वगळला तर चित्र अपुरं राहतं. म्हणून आमच्या टेबलक्लॉथवर तपकिरी दोऱ्याची एक मुंगी होती, आणि पाहुण्यांची मुलं ती झटकायला जात.

तो टेबलक्लॉथ, त्याचीच ही हकीकत आहे. मुंगीवाल्याचं ते चित्र एका कथेच्या शिरोभागी होतं. एक दार, एक उंबरा, आणि उंबऱ्यात उभी एक बाई, पाठमोरी. हातात बॅग. एक पाय किंचित उचललेला. दाराच्या अलीकडे काही नाही, पलीकडेही काही नाही, दोन्हीकडे कोरं पान. आम्ही ते उतरवून घेतलं आणि गोष्ट वाचायला बसणार तेवढ्यात सबनीस काकूंच्या घरी पुण्याचे पाहुणे आले म्हणून अंक लवकर गेला. पुढे मी मंडळात जाऊन तो शोधला, तेव्हा कथेचं शेवटचं पान नव्हतं. त्याच्या पाठीमागे सुरळीच्या वड्यांची कृती होती, ती कुणीतरी कात्रीने नीट कापून नेली होती. आधीची पानं मी आईला वाचून दाखवली. त्यात त्या बाईचं सासर होतं, माहेर होतं, भांडण होतं, आणि बॅग कुठेच नव्हती.

तेव्हापासून घरात तो प्रश्न राहिला. आई म्हणायची, ही बाई घरी येऊन राहिली, म्हणजे तिच्या बोलीत, येते आहे. मी म्हणायची, ही चालली आहे.

"जाऊन राहिली असती तर पाय असा उचलला नसता," आई म्हणायची. "जाताना माणूस पाय ओढते."

"तुला काय माहीत?"

"मले नाही माहीत तर कोणाले माहीत?"

आई लग्न होऊन या शहरात आली तेव्हा तिला हिंदीचा एक शब्द येत नव्हता. माहेर गाडीने एका रात्रीच्या अंतरावर, पण जाणं वर्षातून एकदा, कधी तेही नाही. तिची आई गेली तेव्हा बातमी पोचून हिला निघेपर्यंत तिकडे सगळं आटोपलं होतं. हे ती सांगत नसे. फक्त त्या चित्रातली बाई येतच असली पाहिजे, यावर तिचा हट्ट होता.

मी बारावी झाले आणि कॉलेजात गेले. आमच्या दोन्हीकडच्या घराण्यांत कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. बी.एस्सी. बाबांनीच ठरवलं होतं. पहिल्या दिवशी कॅन्टीनमध्ये ताट कुठे ठेवायचं हे न कळल्यामुळे मी ते हातात धरून बराच वेळ उभी होते, हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, आज लिहिते आहे. वर्गात सगळे प्रश्न विचारत, मी वहीच्या समासात त्यांचे विचारतानाचे चेहरे काढायची. कधी शिडीवाल्यासारखे, कधी टोपीवाल्यासारखे. माझा स्वतःचा हात कुठला ते मला माहीत नव्हतं. तो असतो, हेही नक्की ठाऊक नव्हतं.

त्या थंडीत आम्ही तिघं भीमबेटकाला गेलो होतो, बाबांच्या ऑफिसच्या सहलीच्या बसने. खडकांच्या आडोशाला हजारो वर्षांपूर्वी माणसांनी काढलेली चित्रं आहेत, पांढऱ्या आणि गेरूच्या रंगात. हत्ती, हरणं, हात धरून नाचणारी काडीसारखी माणसं. ऑफिसची मंडळी डबे उघडायला बसली आणि आई खडकाजवळ जाऊन उभी राहिली.

"इथं तर सगळे मुंगीवाल्याचेच हात," ती म्हणाली. "चार रेघांत हरीण पळून राहिलं."

मग ती कोपरे शोधू लागली. मला कळलं ती काय शोधते आहे. एका आडोशाला खडकावर एका लहान हाताचा ठसा होता, पाचही बोटं उघडलेली. आईने आपला हात त्याच्यासमोर धरला, न टेकवता, राखणदार बघत होता म्हणून. "हे पाय त्याची खूण," ती म्हणाली; पाय म्हणजे तिच्या बोलीत पाहा. मी पुढे जगातली पुष्कळ मोठी चित्रं पाहिली. आईचा हात आणि तो हात, मध्ये बोटभर हवा, यापेक्षा मोठं काही पाहिल्यासारखं वाटलं नाही. पण तेव्हा मला थंडी वाजत होती आणि पुरी-भाजीचा वास येत होता.

पहिलं वर्ष संपताना मी कुणाला न सांगता मुंबईच्या एका कला महाविद्यालयाची प्रवेश परीक्षा दिली, असं म्हणायला मला आवडलं असतं, कारण तशा गोष्टी शूर मुली करतात. मी सगळ्यांना सांगून, विचारून, रडून दिली. परीक्षेचं केंद्र भोपाळलाच होतं, म्हणून बाबा सोडायला आले, पाहिजे तर करून बघ असं म्हणत. निवड होईल असं त्यांना वाटलं नसावं. निवड झाली. जूनअखेर हो की नाही कळवायचं होतं.

बाबा गंभीर झाले की हिंदीत बोलत. ऑफिसची भाषा होती ती. "देख बेटा," ते म्हणाले, "बी.एस्सी. पूरी कर. उसके बाद देखेंगे." आणि मग मराठीत, हळू आवाजात, "चांगली रेघ कोणती, सांगू? जी बघून कुणी काढली ते कळत नाही ती. मी आयुष्यभर तशी काढली म्हणून इथे टिकलो. तुझी रेघ कळते. अशा माणसाला कोण ठेवून घेईल?"

त्यांच्या आवाजात राग नव्हता. भीती होती, आणि ती माझ्यासाठी होती, म्हणून मला भांडताही येईना. मी आईकडे पाहिलं. आई उशीचा अभ्रा उलटून मागच्या गाठी तपासत होती. "मले काय विचारता," ती म्हणाली. "मी काय मुंबई पाहिली?" पण बाबांनी ते तिच्यावरच सोडलं होतं. तिने हो म्हटलं तर ते अडवणार नव्हते. आणि आई हो म्हणेना, नाहीही म्हणेना. ती रोज भाकरी थापत होती, कूलरमध्ये पाणी भरत होती, आणि तो विषय निघाला की उठून अंगणातल्या तुळशीला पाणी घालत होती, घातलेलं असलं तरी.

असे दिवस चालले असताना सबनीस काकू आल्या आणि म्हणाल्या, मंडळाच्या वर्धापनदिनाला पाहुणे म्हणून एक जुने चित्रकार येताहेत, भाषण आहे, स्लाइड दाखवणार आहेत. मुक्काम चार इमलीला, मंडळाचे अध्यक्ष सरकारी अधिकारी होते त्यांच्या बंगल्यावर. काकूंनी आणलेल्या पत्रिकेवर पाहुण्यांनी काढलेलं एक रेखाटन छापलं होतं. आईने ते हातात घेतलं, खाली कोपऱ्यात पाहिलं, आणि पीठ लागलेल्या हाताने माझं मनगट धरलं.

"मुंगीवाला," ती म्हणाली.

त्या दिवशी तिने टेबलक्लॉथ धुतला, नीळ दिली, उन्हात वाळवला आणि इस्त्री करून पिशवीत ठेवला. बाबांनी विचारलं, हे कशाला? आई म्हणाली, "त्याइले एक विचारायचं आहे." काय ते बाबांनाही ठाऊक होतं, मलाही. आणि मला हेही समजलं की माझ्या जाण्याचं उत्तर तिने त्या बाईपाशी नेऊन ठेवलं आहे.

मंडळाचं सभागृह गरम होतं. पंखे फिरत होते ते फक्त आवाजापुरते. पाहुणे ठेंगणे, पांढरी दाढी, खादीचा सदरा, आणि बोलणं त्यांच्या रेघेसारखं, थोडकं. त्यांनी स्लाइडवर ताडपत्रावरच्या पोथ्यांची चित्रं दाखवली, जिथे अक्षराच्या आणि देवाच्या डोळ्याच्या रेघा एकाच टोकदार सुईने कोरलेल्या. मग आपल्या याच माळव्यातली जुनी छोटी चित्रं, सपाट तांबड्या भिंतीपुढे उभी राहिलेली माणसं. मग लाकडाचे ठसे, दगडावरून छापलेल्या देव्या, मग मासिकं आली, गोष्टी आल्या, आणि गोष्टीसाठी चित्र काढणारा माणूस आला, ज्याला कथा आज मिळते आणि चित्र उद्या द्यायचं असतं. "आम्ही घाईचे चित्रकार," ते म्हणाले. "भिंतीवर टांगण्यासाठी आम्ही काढलं नाही. पान उलटलं की आम्ही संपलो."

आई तिसऱ्या रांगेत माझ्या शेजारी बसली होती. पडद्यावर मासिकांची चित्रं येऊ लागली तशी ती ओळखीची माणसं भेटल्यासारखी सरळ झाली. "गोगलगाय," ती पुटपुटली. "हा टोपीवाला." एका घोडेस्वाराला ती ठामपणे शिडीवाला म्हणाली, आणि पाहुण्यांनी सांगितलं की हे त्याच्या गुरूंचं काम, शिष्याने हात तिथून उचलला. "म्हणजे शिडीवाला नकलाकार निघाला," आई म्हणाली, थोडी दुखावून. पुढे बसलेल्या सबनीस काकूंनी मागे वळून ओठांवर बोट ठेवलं.

भाषणानंतर बटाटेवडे आणि चहा होता. आई पिशवी छातीशी धरून भिंतीला टेकून उभी राहिली. पुढे जाईना. शेवटी सबनीस काकूच तिला हाताला धरून घेऊन गेल्या. "ह्या आमच्या पिपलानीच्या वहिनी. तुम्हाला काही दाखवायचंय म्हणतात."

आईने टेबलक्लॉथ उलगडला. पाहुण्यांनी चहाची कपबशी बाजूला ठेवली, चष्मा कपाळावर चढवला आणि वाकले. मग बोटाने कोपऱ्यातली तपकिरी मुंगी हलकेच चाचपली, आणि हसले.

"माझी सहीसुद्धा आणलीत की हो."

"नाही आणली असती तर तुमचं चित्र अर्धंच राहिलं असतं," आई म्हणाली. आणि मग, एका दमात, "एक विचारू का दादा? ही बाई येऊन राहिली का जाऊन राहिली?"

मला वाटलं ते काहीतरी गोड बोलतील. मोठी माणसं बोलतात तसं, की ताई, तुम्हाला जे वाटेल तेच खरं. त्यांनी तसं केलं नाही. त्यांनी चष्मा खाली घेतला, पुन्हा चित्राकडे पाहिलं, आणि खरं सांगितलं, यासाठी मी त्यांची आजन्म ऋणी आहे.

"मला माहीत नाही, ताई. ती कथा माझ्याकडे आलीच नव्हती. अंक छपाईला निघाला होता. संपादकांनी माणूस पाठवला, तो दारातच म्हणाला, एक बाई, एक दार, एक बॅग, संध्याकाळपर्यंत द्या. मी विचारलं, जाते की येते? तो म्हणाला, ते त्यांनी सांगितलं नाही. म्हणून मी पाठमोरी काढली. शेवट काही का असेना, चालून जावं."

"म्हणजे तुम्हाले बी माहीत नाही."

"नाही."

"आणि तो पाय?"

"पाय उचलला की बाई चालती वाटते. एवढंच."

"म्हणजे फसवलं तुम्ही," ती म्हणाली. आजूबाजूचे हसले. पाहुणे हसले नाहीत. "हो," ते म्हणाले, "थोडं फसवलं." आईने टेबलक्लॉथच्या घड्या घातल्या, आधी होत्या त्याच घड्यांवर. पाहुण्यांनी तिला नमस्कार केला. तिने केला की नाही, मला आठवत नाही.

परतीच्या सिटी बसमध्ये ती खिडकीशी बसली. पिशवी मांडीवर. बाहेर तलावावरची संध्याकाळ गेली, बाजार गेले, कंडक्टर "पिपलानी, पिपलानी" ओरडत बसच्या पत्र्यावर थापा मारत होता. तिची इतक्या वर्षांची बाई त्या सभागृहात तिच्या हातातून गेली होती, आणि माझीही गेली होती, कारण जाऊ का, हे मी आता कुठल्या आधारावर विचारणार? आमचा थांबा जवळ आला तेव्हा ती म्हणाली, बाहेर बघतच, "काढणाऱ्यालेच माहीत नाही."

"हो ना."

"मग मी घरी बसून कशी सांगू?" ती उठली, वरच्या दांडीला धरून उभी राहिली, आणि बसच्या धक्क्यांत तोल सावरत म्हणाली, "तू जाऊन पाय."

घरी बाबा कूलरमध्ये पाणी घालत होते. आईने चपला काढता काढता त्यांना सांगितलं, "पोरगी मुंबईले जाते."

"किसने कहा?"

"मी."

बाबांनी बादली खाली ठेवली. मग ते आत गेले आणि ड्रॉइंगच्या निबांची आपली जुनी डबी आणून माझ्यापुढे ठेवली. "बारीक निब वरच्या खणात आहेत," ते म्हणाले. "शाई वाळू देऊ नको त्यांच्यात."

मी गेले. मुंबईत काय झालं ते या प्रकरणात येत नाही. इतकंच सांगते की गोष्टींना चित्रं काढण्याचंच काम मी आयुष्यभर केलं, आणि मला माझा हात सापडायला फार वेळ लागला. आता संपादक फोनवर एका ओळीचा निरोप पाठवतात. एक म्हातारा, एक बाक, उद्यापर्यंत. मी उलट लिहिते, पूर्ण गोष्ट पाठवा. काही जण पाठवतात. काही जणांना मी खडूस वाटते.

सुट्टीत मी घरी येई तेव्हाची आईची एक सवय मला सांगायची आहे. गाडी सकाळी पोचे. मी क्वार्टरच्या दारात बॅग घेऊन उभी राहिले की आई आतून, हातातलं काम न सोडता, म्हणे, "थांब. तशीच थांब." मी उंबऱ्यात थांबे. ती मला पायापासून डोक्यापर्यंत बघून घेई, बॅगेसकट, जणू कापड लांब धरून टाके बघावेत. मग म्हणे, "हं. ये आता." पहिल्यांदा मी चिडले होते, प्रवासाने अंग आंबलं होतं. नंतर कळलं. चित्रात ती बाई पाठमोरी होती. आई तिला समोरून बघत होती. समोरून बघितलं की शंका राहत नाही.

निघताना मात्र ती दारात येत नसे. स्वयंपाकघरातूनच म्हणे, "पोचली की कळव." मी उंबरा ओलांडायची तेव्हा मागून भांड्यांचा आवाज येत असे, गरजेपेक्षा मोठा.

बाबा निवृत्त झाले, क्वार्टर सोडावं लागलं. नेहरू नगरला दोन खोल्यांचं घर घेतलं. पक्ष्यासारखी किलबिलणारी बेल, लोखंडी जाळीचं दार. तिथेही आईचं "थांब" चालू राहिलं. पुढे बाबा गेले. पुढे आईच्या डोळ्यांतलं बरंचसं गेलं, आणि मग आठवणीतलंही. टेबलक्लॉथ तेव्हा दिवाणावर अंथरलेला असे. त्या मुंगीवर बोट फिरवत ती बसून राही. कधी मला ओळखी, कधी सबनीस काकू समजून अंक अजून वाचून व्हायचा आहे असं सांगे.

एकदा मी चार दिवस राहून परत निघाले होते. खाली ऑटो उभा होता, सांभाळणाऱ्या मावशींना औषधं समजावून झाली होती. आई आतल्या खोलीत, दारातून दिसणाऱ्या दिवाणावर, झोपली आहे असं मला वाटलं होतं. मी बॅग उचलली, जाळीचं दार उघडलं, एक पाय उंबऱ्याबाहेर टाकला, आणि मागून तिचा आवाज आला.

"थांब. तशीच थांब."

मी थांबले. मागे वळले नाही. ती दिवाणावर उठून बसली असावी, बांगड्या वाजल्या. ती बघत होती हे मला पाठीवर कळत होतं. किती वेळ ते सांगता येणार नाही. खाली ऑटोवाल्याने हॉर्न दिला.

"येऊन राहिली ना वं तू?" आईने विचारलं.

मी बॅग खाली ठेवली.

"हो आई," मी म्हणाले, "आत्ताच येऊन राहिली."

"हं," ती म्हणाली. "ये आता."

मी वळले आणि आत गेले.